नाक, आजी आणि अढी

मे महिन्यात पुण्यातल्या कुठल्याही ऑफिसात डोकवा, एक सीन हमखास दिसतो. कुणाच्या तरी देवगडच्या ओळखीतून हापूसच्या पेट्या आलेल्या असतात, पॅन्ट्रीत त्यांचं वाटप होतं आणि आठवड्याभरानं त्याच पॅन्ट्रीत तक्रारींचा पाऊस सुरू होतो. 'माझे अजून दगडासारखेच आहेत, यार.' 'माझे बाहेरून मस्त केशरी, आतून आंबट ढाण!' 'माझे तर एका वीकेंडला सगळेच्या सगळे नासले...'

मी फ्रीलान्सर. स्वतःचं ऑफिस नाही, म्हणून मैत्रिणींच्या ऑफिसातल्या फुकट कॉफीवर जगते. गेल्या मेमध्ये बाणेरच्या अशाच एका पॅन्ट्रीत उभी होते, तेवढ्यात एकीनं विचारलं, 'तू तर साताऱ्याकडची ना? मग सांग की, आंबे नीट पिकवायचे कसे?'

सवयीनं तोंडात आलं, 'आजीला विचारून सांगते.' आणि बोलता बोलता थांबले. कारण गेली काही वर्षं या बाबतीत आजीच मला विचारते.

आमचं गाव उंब्रज. पुणे-बंगळूर हायवेवर सातारा मागे पडलं की कऱ्हाडच्या अलीकडे लागतं. तारळी नदी इथेच कृष्णेला मिळते. तुमच्यातल्या निम्म्यांनी ते कोल्हापूरला जाताना एसी बसमध्ये झोपेत ओलांडलं असेल. काहीजण चाफळच्या राममंदिराला जायला इथेच वळले असतील. आमच्या शेताच्या बांधावर आंब्याची तीन झाडं आहेत. हापूस वगैरे नाही हं, रायवळ. कोयीतून उगवलेली, प्रत्येकाची चव निराळी. त्यामुळे नावंही घरातलीच. एक शेप्या, कारण त्याला शेपूसारखा वास येतो. एक खोबऱ्या. आणि तिसऱ्याला कुणी नावच ठेवलं नाही, तो नुसता 'कडेचा'.

या तीन झाडांवर आजीचं राज्य. पाड लागल्याशिवाय झेल्याला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. पाड म्हणजे काय, तर झाडावर आपणहून पिकलेला पहिला आंबा. पोपटानं चोच मारलेला किंवा रात्री टपकन पडलेला. तो दिसला की झाड तयार झालं. मग देठासकट आंबे उतरवायचे, चीक निथळू द्यायचा आणि माडीवरच्या अंधाऱ्या खोलीत अढी घालायची. खाली पिंजार, मग आंबे, पुन्हा पिंजार, पुन्हा आंबे आणि वरून गोणपाट.

चौथ्या दिवसापासून आजीची ड्यूटी सुरू. सकाळी ती माडीच्या दारात जाऊन उभी राहायची. आत पाऊल नाही टाकायची. डोळे मिटून नुसता एक श्वास घ्यायची आणि निकाल द्यायची. 'आज नगं.' किंवा, 'उजव्या कोपऱ्यात एक बसलाय, काढा त्याला.' आणि तात्यांनी, म्हणजे माझ्या काकांनी, उजव्या कोपऱ्यात हात घातला की तो मऊ पडलेला आंबा तिथे असायचाच! लहानपणी मला ही जादू वाटायची. कॉलेजात गेल्यावर वाटलं, आजी अंदाजपंचे बोलते आणि आपण फक्त बरोबर आलेलेच लक्षात ठेवतो. दोन्ही चूक होतं.

२०२१चा एप्रिल आठवतोय? कोविडची दुसरी लाट. मी उंब्रजलाच होते. मास कॉमची डिग्री नवीकोरी, नोकरीचा पत्ता नाही. आधी तात्या पॉझिटिव्ह झाले, मग मी, मग आजी. तिचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर. घरातल्या एकुलत्या एका ऑक्सिमीटरभोवती आम्ही सगळे रात्र रात्र बसून असायचो. पण म्हातारी टणक. पंधरा दिवसांत उठून चुलीपुढे बसली. सुटलो, असं वाटलं.

मग एक दिवस दूध करपलं. तिच्या पुढ्यात. घरभर वास, मी अंगणातून धावत आले, आणि ही तिथेच बसून शांतपणे लसूण सोलतेय. 'अगं आजी!' म्हटल्यावर दचकली, म्हणाली, 'ध्यानच न्हाई बग.' आम्हीही सोडून दिलं. आजारपणातून उठलेल्या माणसाला अजून काय विचारायचं?

मेमध्ये अढी घातली. चौथ्या दिवशी आजी दारात. 'आज नगं.' सहाव्या दिवशी, 'आज नगं.' आठव्या दिवशीही तेच. माझं नाक तोवर परत आलं होतं आणि मला जिन्यातच काहीतरी गोडसर, आंबूस जाणवत होतं. पण आजीच्या नाकापुढे माझं नाक म्हणजे काय? गप्प बसले. दहाव्या दिवशी तात्यांनी न विचारताच गोणपाट उचललं. चिलटांचा ढग उठला. डाव्या बाजूचे सगळे आंबे पाणी होऊन पिंजारात उतरले होते.

आजी उंबऱ्यावर बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, 'पोरी, मला वास येतच न्हाई गं. म्हैना झाला. मी आपली उगा दारात हुभी ऱ्हात हुते.'

एक नासका आंबा सगळी अढी नासवतो, ही म्हण मला नेहमी एचआरवाल्यांच्या प्रेझेंटेशनमधली वाटायची. त्या उन्हाळ्यात मी ती जरा खोलात जाऊन वाचली. दुसरं कामही नव्हतं. तर मंडळी, ही म्हण शब्दशः खरी आहे, आणि तिच्या पोटात एक अख्खी गोष्ट आहे.

पिकायला लागलेला आंबा एक वायू सोडतो. नाव इथिलीन. दोन कार्बन, चार हायड्रोजन, संपलं. जिच्या साखळ्या जोडून आपल्या पॉलिथिनच्या पिशव्या बनतात, तीच ही वस्तू. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शहरांत रस्त्यावरचे दिवे कोळशाच्या गॅसवर जळायचे आणि जिथे पाइप गळायचा तिथल्या झाडांची पानं अवेळी झडायची. का, ते कळत नव्हतं. १९०१ साली सेंट पीटर्सबर्गच्या दिमित्री नेल्युबॉव्ह या तरुणानं पाहिलं, की प्रयोगशाळेतले वाटाण्याचे कोंब सरळ वर न जाता आडवे वाढताहेत. त्यानं शोधून काढलं की हा दिव्याच्या गॅसमधल्या इथिलीनचा प्रताप. पुढे १९३४ मध्ये रिचर्ड गेन या इंग्रज संशोधकानं सिद्ध केलं, की पिकणारी सफरचंदं हाच वायू स्वतः तयार करतात. म्हणजे फळ नुसतं पिकत नाही. ते स्वतःला आणि शेजाऱ्यांना तसं कळवतं.

पण कळवून काय उपयोग, ऐकणारं कुणीतरी हवं ना? इथे येतो रिसेप्टर. पाठ्यपुस्तकात त्याला ग्राही म्हणतात, पण मी रिसेप्टरच म्हणणार, कारण ऑफिसच्या रिसेप्शनशी त्याचं नातं मस्त जुळतं. पेशीच्या आत, एका पातळ पडद्यात रुतून बसलेलं हे प्रथिन. (इथिलीन वायू असल्यानं पेशीच्या भिंतीतून आरामात आत शिरतो, म्हणून रिसेप्शन बाहेरच्या दारात नसून आत आहे.) त्याच्या कुशीत तांब्याचा एक कण असतो आणि इथिलीन येऊन बरोबर त्या तांब्याला चिकटतो.

आता गंमत. हा रिसेप्शनिस्ट उलट्या डोक्याचा आहे. कुणीही आलेलं नसताना तो सतत वर फोन करून सांगत असतो, 'थांबा, काही सुरू करू नका, थांबा.' इथिलीन आला की तो फोन खाली ठेवतो. बास. वरती 'थांबा' म्हणणारं कुणी उरत नाही, म्हणून काम सुरू होतं. पेशीच्या केंद्रापर्यंत निरोप जातो, झोपलेली जनुकं जागी होतात. कुणी स्टार्चची साखर करायला घेतं, कुणी पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन विरघळवतं, कुणी सालीतला हिरवा रंग मोडतं. आपण म्हणतो, आंबा पिकला.

हे सगळं कळलं कसं, तर एका बहिऱ्या रोपामुळे. अमेरिकेत मोहरीच्या जातकुळीतल्या एका तणाची हजारो रोपं अंधारात इथिलीनमध्ये वाढवली. सगळी खुरटली, एखादंच रोप ताठ उंच वाढलं, जणू त्याला काही ऐकूच आलं नाही. १९८८ मध्ये अँथनी ब्लीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोपाची माहिती प्रसिद्ध केली. त्याच्यात नेमकं काय बिघडलंय ते शोधताना १९९३ मध्ये कॅरेन चांग आणि मंडळींना इथिलीनच्या रिसेप्टरचं जनुक सापडलं. वनस्पतींच्या संप्रेरकाचा ओळखला गेलेला हा पहिलाच रिसेप्टर. टोमॅटोचीही अशी एक बहिरी जात आहे, नाव 'नेव्हर राइप'. कितीही दिवस ठेवा, धड लाल होत नाही.

एकदा आंब्यानं ऐकलं की तोही इथिलीन सोडू लागतो, आणखी जोरात. मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. फॅमिली ग्रुपवरच्या फॉरवर्डसारखं. ज्याला मार लागलाय किंवा जो नासायला लागलाय, तो तर नुसता ओरडत सुटतो. पिंजारात हा वायू कोंडून राहतो, ऊबही राहते, तरी हवा खेळती असते. म्हणून अढी. आणि म्हणूनच त्यातला एक वेळेवर उचलला नाही तर सगळ्यांची घाई होते, वर त्याच्यातली बुरशीही शेजारी जाते. आजीचं सकाळचं दारात उभं राहणं म्हणजे या ग्रुपची ॲडमिनगिरी होती!

पाडाचा नियमही आता कळला. कोवळ्या फळाला इथिलीन पोचतो, पण आत पुढचं काम करायला स्टाफच भरलेला नसतो. पुरेसा स्टार्चच साठलेला नाही, तर साखर कशाची करणार? बाजारात कॅल्शियम कार्बाइडची पुडी ठेवून आंबे 'पिकवतात' ते हेच करतात. कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन वायू निघतो. हा इथिलीनचा चुलतभाऊ. चेहरा थोडा मिळताजुळता, म्हणून रिसेप्शनिस्ट फसतो. कोवळ्या आंब्याची साल पिवळी होते आणि आत मात्र आंबट ढाण. शिवाय त्या पुडीतून आर्सेनिक आणि फॉस्फरसचे विषारी अंशही येतात. कार्बाइडवर आपल्याकडे कायद्यानं बंदी आहे. त्याऐवजी रायपनिंग चेंबरमध्ये खरा इथिलीन वायू वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१६ मध्ये परवानगी दिली, दहा लाख भागांत जास्तीत जास्त शंभर भाग. तेव्हा 'गॅसवर पिकवलेला' म्हटलं की लगेच नाक मुरडू नका. कुठला गॅस, ते विचारा.

नाक! मूळ मुद्दा राहिलाच.

आजी माडीच्या दारात इथिलीन हुंगत नव्हती. अढीत असतो तेवढा इथिलीन माणसाच्या नाकाला कळतच नाही. तिला कळायचा तो त्याचा परिणाम. पुण्यात पाषाण रोडवर एनसीएल आहे ना, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, तिथल्या संशोधकांनी हापूसच्या वासावर वर्षानुवर्षं काम केलंय. कच्च्या हापूसचा वास वेगळ्या रेणूंचा असतो आणि पिकताना त्यात लॅक्टोन, फ्युरॅनोन अशा नव्या मंडळींची भर पडते, असं त्यांना दिसलं. ही मंडळी हवेतून तरंगत आपल्या नाकाच्या पार छतापर्यंत जातात. तिथे पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत लाखो मज्जापेशी असतात आणि प्रत्येकीवर, बरोबर, रिसेप्टर. माणसाकडे असे सुमारे चारशे प्रकार आहेत आणि एका पेशीवर साधारण एकच प्रकार. रेणू जुळला की पेशी मेंदूला वीज धाडते. हे रिसेप्टर शोधले लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी, १९९१ मध्ये. २००४चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.

म्हणजे बघा, माडीवर आंब्याच्या पेशी एकमेकींचं ऐकत होत्या आणि दारात आजीच्या पेशी त्यांचं ऐकत होत्या. दुसरी लाइन कट झाली.

कशी कट झाली? मला वाटलं होतं, विषाणूनं वासाच्या मज्जापेशीच खाल्ल्या. २०२० मध्येच एका संशोधनातून वेगळं चित्र पुढे आलं. विषाणूला आत शिरायला जे दार लागतं ते त्या मज्जापेशींवर नसतंच, त्यांना आधार देणाऱ्या, त्यांचं खाणंपिणं बघणाऱ्या शेजारच्या पेशींवर असतं. त्या पेशी पडल्या आणि त्या गडबडीत मज्जापेशींनी आपले रिसेप्टर बनवणंच कमी केलं. पेशी जिवंत, पण बहिरी. हे वाचून मला का कोण जाणे, बरं वाटलं. बहिऱ्याला निदान कधीतरी ऐकू येण्याची आशा असते. शिवाय वासाच्या मज्जापेशी आयुष्यभर नव्यानं तयार होत राहतात, आपल्याकडच्या फार थोड्या मज्जापेशींना हे जमतं.

कऱ्हाडच्या ईएनटी डॉक्टरांनी औषध दिलं नाही, गृहपाठ दिला. स्मेल ट्रेनिंग. थॉमस हुमेल या जर्मन डॉक्टरांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. दिवसातून दोनदा, एकेक वास मन लावून घ्यायचा, बारा आठवडे. आजीनं पहिल्या दिवशी माझी यथेच्छ टर उडवली. 'सकाळी देवपूजा, मग नाकपूजा!' पण बसायची. चार वाट्या पुढ्यात, डोळे मिटलेले, अगदी माडीच्या दारात उभी राहायची तशीच.

तिसऱ्या आठवड्यात निलगिरी कळली! घरात जल्लोष. डॉक्टरांनी फोनवर शांतपणे फुगा फोडला. निलगिरीचा झोंबणारा गारवा कळतो तो वेगळ्या मज्जातंतूला, तो वास नव्हे. त्या दिवशी आजी जेवली नाही.

खरा वास आला तो पावसाळा संपता संपता, लवंगेचा, आणि तोही अर्धामुर्धा. मग सगळ्यात विचित्र काळ सुरू झाला. वास येऊ लागले, पण भलतेच. चहाला जळक्या रबराचा, कांद्याला रॉकेलचा. लाइन जोडली गेली होती, पण नंबर चुकीचे लागत होते. कित्येक महिने तिनं चहा सोडला. उंब्रजमध्ये राहून, माझ्या आजीनं, चहा! अढीचं दोन वर्षं कुणी नावच काढलं नाही. आंबे तात्या शेजारीपाजारी वाटून टाकायचे.

गेल्या मेमध्ये, त्या पॅन्ट्रीतल्या गप्पांनंतर, मी शुक्रवारी रात्रीच एसटी पकडली. जायच्या आधी पोरींना जमेल तेवढं सांगितलं. कच्चे आंबे फ्रीजमध्ये टाकू नका, गारठ्यात त्यांचं पिकणं बिघडतं. कागदात गुंडाळा, घाई असेल तर सोबत एक पिकलेलं केळं ठेवा, तेही इथिलीन सोडतं. रोज उलटेपालटे करा आणि मऊ पडलेला बाजूला काढा. आणि स्ट्रॉबेरी, द्राक्षं, डाळिंबं घरी आणून पिकतील अशी वाट बघू नका, ती जशी तोडली तशीच राहतात. कोवळ्या आंब्यांची पेटी असेल तर मात्र सरळ पन्हं करा.

उंब्रजला पोचले तर अढी घातलेली होती. छोटीशी, फक्त शेप्याची. सहावा दिवस. सकाळी आजीनं मला माडीच्या दारात उभं केलं आणि स्वतः मागे थांबली.

'काय म्हंतंय?'

मी डोळे मिटले. गोड. थोडं शेपूसारखं. डाव्या हाताला जरा जास्त दाट. तसं सांगितलं.

ती पुढे झाली, श्वास घेतला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'मला उजवीकडं वाटतंय.'

उजवीकडे हात घातला. सगळे टणक. डावीकडे एक सापडला, अंगठा रुतेल इतका मऊ. आजी हसली, पण तो आंबा तिनं माझ्या हातून घेतला आणि देठाशी नाक लावून तशीच उभी राहिली.

'शेपू हाय,' ती म्हणाली. 'लांबनं येतोय. पन शेपूच हाय.'

मग तिनं मला बादलीभर पाणी आणायला पिटाळलं, आंबे भिजत घालायला.